जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या बालकांचे गुल्फबल

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांचे परिणामभेदाने पाच प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी रुजाकर मर्मे अवघी आठ : दोन गुल्फ, दोन मणिबंध आणि हातापायांची मिळून चार कूर्चशिर. ही आठही मर्मे घोटा आणि मनगट या दोन प्रदेशांतच सामावलेली आहेत, हे सहज वाचताना लक्षात येत नाही. परंतु शरीराचा सर्व भार आलटूनपालटून हातांवर व पायांवर झेलणाऱ्या जिम्नॅस्टिक्ससारख्या क्रीडाप्रकाराचा विचार करू लागलो की या गणनेचे मोल कळते. मणिबंधाचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथे गुल्फसंधीपुरताच विचार केला आहे.

पाय मुरगळलेले बालक घेऊन येणारे पालक बहुधा एकच प्रश्न विचारतात : "रोज तीन तास सराव करते, एवढ्या उड्या मारते, मग हिचाच घोटा असा नाजूक कसा?" प्रश्न रास्त आहे. व्यायामाने बल वाढते हे शास्त्रवचन, आणि व्यायाम करणाऱ्या मुलीचाच घोटा पुन:पुन्हा लचकतो हा अनुभव, या दोहोंचा मेळ घालावयाचा तर बल वाढते म्हणजे कोणते बल, कोणत्या दिशेने आणि कशाच्या आधारावर वाढते, हे पाहावे लागते.

प्रारंभी शब्दांविषयी एक खुलासा. व्यवहारातील मराठीत 'स्नायू' म्हणजे मसल. संहितेत मात्र स्नायु ही बांधून ठेवणारी रचना आहे, आणि आकुंचन पावणारी ती मांसपेशी. पुढील विवेचनात मसल या अर्थी मांसपेशी, लिगामेंट या अर्थी स्नायुबंध आणि टेंडन या अर्थी कंडरा हे शब्द योजले आहेत. हा भेद केवळ शब्दांचा नाही. घोटा लचकतो तेव्हा ताणला जातो तो स्नायुबंध, आणि चिकित्सेच्या उत्तरार्धात ज्यांच्याकडून काम करवून घ्यावयाचे असते त्या मांसपेशी.

संधीची रचना व बलाची दिशा

जंघेची दोन्ही अस्थी खाली मिळून एक खोबण तयार करतात आणि तीत टॅलस हे अस्थी बसते. टॅलसचा वरचा भाग पुढे रुंद व मागे अरुंद असतो. चवडा वर ओढलेला असता रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो व संधी स्थिर राहतो. चवडा खाली ताणला की अरुंद भाग खोबणीत येतो, संधी सैल होतो आणि त्याचे रक्षण प्रामुख्याने स्नायुबंध व मांसपेशी यांच्यावर येऊन पडते. अशा स्थितीत पाऊल आत वळले तर बाह्य बाजूचा पुढचा स्नायुबंध सर्वांत आधी ताणला अथवा फाटला जातो. जिम्नॅस्टिक्समध्ये ताणलेला चवडा हे सौंदर्याचे लक्षण मानले जाते. तो ताणला नाही तर गुण कापले जातात. म्हणजे ज्या स्थितीत घोटा स्वभावत: सर्वांत सैल असतो, तीच स्थिती या खेळात सहस्रावधी वेळा घडवली जाते.

आता मांसपेशींचा विचार. पोटरीच्या दोन बलवान पेशी अकिलीस कंडरेच्या द्वारा टाच वर उचलतात. जंघेच्या पुढील पेशी चवडा वर ओढतात. बाहेरील पेशी (पेरोनियस) पाऊल बाहेर वळवतात, तर आतील पेशी ते आत वळवतात. सामान्य माणसातही पोटरीचे बल पुढील पेशींच्या सुमारे तिप्पट-चौपट असते, कारण चालताना देह पुढे ढकलण्याचे काम तिचेच. जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षणात धावत येऊन उसळी घेणे, स्प्रिंगच्या जमिनीवर एकामागून एक कोलांट्या घेणे, चवड्यांवर चालणे या सर्व क्रियांत पुन्हा पोटरीलाच काम पडते. उसळीच्या क्षणी पाय जमिनीला सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच काळ टेकलेला असतो आणि तेवढ्यात संपूर्ण देह वर फेकावयाचा असतो. असे वर्षानुवर्षे केल्यावर पोटरीचे बल व तिची चपळता त्याच वयाच्या इतर मुलांहून स्पष्टपणे अधिक आढळते, यात नवल नाही.

परंतु बल ज्या दिशेने मागितले जाते त्याच दिशेने येते. बाहेरील पेशींना उसळीत विशेष वाटा नसतो. जंघेच्या पुढील पेशींना तर त्याहून कमी. त्यांच्यासाठी निराळा व्यायाम योजला नाही तर पोटरी वाढत जाते, बाकीच्या पेशी मागे राहतात आणि बलाचे गुणोत्तर बिघडते. पोटरी आखडून चवडा पुरेसा वर येईनासा होतो, आणि मग उडीवरून उतरताना घोटा नीट वाकत नाही. बालक बलवान असते, परंतु त्याचा गुल्फ स्थिर असतोच असे नाही. चरकाचार्यांनी व्यायामाची व्याख्या करताना स्थैर्य व बलवर्धन यांचा पृथक् उल्लेख केला आहे. या दोहोंतील अंतर घोट्याइतके स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल.

तोलाविषयीही असाच एक भ्रम आहे. बॅलन्स बीमची रुंदी अवघी १० सेंटिमीटर आणि उंची १२५ सेंटिमीटर. त्यावर गिरकी घेणाऱ्या मुलीचा तोल सर्वत्र उत्तमच असणार, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तोल हे बरेचसे त्या-त्या क्रियेशी बांधलेले कौशल्य आहे. एका पायावर उभे राहण्यासारख्या, सरावातल्या कठीण स्थितीत या मुली इतरांहून सरस ठरतात. दोन पायांवर साधे उभे राहण्यात तसा मोठा फरक पडत नाही.

उतरण्याचा क्षण

आघात बहुधा उसळी घेताना होत नाही, तो उतरताना होतो. कठीण कोलांटीनंतर उतरताना जमिनीकडून येणारा उलट दाब देहभाराच्या आठ-दहा पट, प्रसंगी त्याहूनही अधिक मोजला गेला आहे. तीस किलो वजनाच्या मुलीच्या पायांवर त्या क्षणी अडीच-तीनशे किलोंचा भार येतो असे म्हटले तर कल्पना येईल. शिवाय उतरल्यावर पाऊल हलवावयाचे नाही, असा नियम. फिरकी थोडी अपुरी पडली तर देह मागे राहतो, घोटा बळेच पुढे दुमडला जातो आणि संधीच्या पुढील भागी वेदना होते. फिरकी तिरकी झाली तर पाऊल आत वळते.

पाऊल वळण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. बाहेरील पेशी प्रतिक्षिप्तपणे जागी होऊन पुरेसे बल उत्पन्न करील, तोवर हानी होऊन गेलेली असते. म्हणून ती पेशी पाय टेकण्यापूर्वीच सावध असावी लागते. ही सावधता सरावाने शिकवता येते, आणि थकव्याने ती सर्वप्रथम नष्ट होते. आपल्याकडील मल्लखांबाचे जुने उस्ताद मुलाच्या उतरण्याचा आवाज ऐकतात, ते याच कारणाने. आवाज जड येऊ लागला की त्या दिवशीचे उतरणे पुरे.

बालकाचे बल

यौवनापूर्वी व्यायामाने वाढणारे बल मुख्यत: मांसाच्या उपचयामुळे येत नाही, नाडीतंत्र अधिक पेशीतंतूंना एकाच वेळी व योग्य क्रमाने कामास लावू लागते, त्यामुळे येते. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर मांसधातूच्या वृद्धीपेक्षा वायूच्या प्रवर्तक व नियामक कर्माचा वाटा येथे मोठा आहे. यातून चिकित्सकाला उपयुक्त असा एक निष्कर्ष निघतो. असे बल लवकर येते, परंतु काही आठवड्यांच्या विश्रांतीत ओसरतेही. तीन-चार आठवडे बसून राहिलेल्या मुलीची पोटरी मापाने पूर्वीइतकीच भरली तरी तिचा घोटा पूर्वीइतका शिकलेला असेलच असे नाही.

येथे एक शास्त्रीय अडचण उभी राहते. ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. सुश्रुतमते सोळा वर्षांखालील सर्व बालच. मग पाच-सहाव्या वर्षी सुरू होणाऱ्या या प्रशिक्षणाचे काय? काही वैद्य या वचनाकडे दुर्लक्ष करतात, काही त्यावर बोट ठेवून खेळच बंद करावयास सांगतात. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. बालकाच्या क्रीडेला आचार्यांचा विरोध नाही. चरकसंहितेत खेळण्यांचे आणि कुमारागाराचे सविस्तर वर्णन आहे. निषेध आहे तो देहाला आयास देणाऱ्या कर्माचा, आणि त्याचे प्रमाण मोजण्याचे साधनही आपल्याजवळ आहे, ते म्हणजे अर्धशक्ती. बलवान व स्निग्धभोजी पुरुषासही जेथे अर्ध्या शक्तीची मर्यादा घातली आहे, तेथे कफप्रधान वयाच्या, अपरिपक्व धातूंच्या बालकाची मर्यादा त्याच्याही अलीकडे मानावी लागेल. ललाट, नासिका, काखा व सांधे यांवर स्वेद येणे, मुखशोष, तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही लक्षणे प्रशिक्षकासही सहज शिकवता येतात.

वाढत्या वयात अस्थी लांबतात, आणि पोटरी काही काळ तरी त्या मानाने आखूड पडते. ताण टाचेच्या वाढीच्या कूर्चेवर येतो. आठ ते चौदा वर्षांच्या दरम्यान सरावानंतर टाच दुखणे, दोन्ही बाजूंनी टाच दाबली असता वेदना वाढणे हे त्याचे लक्षण. आधुनिक शास्त्रात यास सीव्हरचा विकार म्हणतात. पोटरी अधिक बलवान करण्याने हा वाढतो. उड्या कमी करणे, पोटरीला हळुवार अभ्यंग करून ती सैल करणे आणि टाचेखाली मऊ आधार देणे यांनी तो शमतो.

वातकंटक आणि भग्न यांचा विवेक

पाऊल विषम पडल्याने वायू गुल्फाश्रित होऊन वेदना उत्पन्न करतो, ती वातकंटक होय. त्यावर रक्तावसेचन, एरंडतैलपान व सूचीदाह ग्रंथोक्त आहेत. परंतु सद्य:आघाताने सुजलेला बालकाचा घोटा पाहताच वातकंटक म्हणून मोकळे होऊ नये. प्रथम भग्न नाही याची खात्री करावी. कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये मांडलेले नियम यासाठी सोपे आहेत. दोन्हीपैकी कोणत्याही घोट्याच्या टोकावर किंवा त्याच्या मागील कडेवर खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये अस्थी दाबल्यास दुखते का, आणि आघातानंतर लगेच व तपासणीच्या वेळी रुग्ण चार पावले टाकू शकतो का, हे पाहावे. पावलाच्या मध्यभागी दुखत असेल तर करंगळीकडील लांब अस्थीचे मूळ आणि आतील बाजूचे नौकाकार अस्थी यांवरही दाबून पाहावे. यांपैकी काही आढळल्यास क्ष-किरण तपासणी करवून घ्यावी. तरुणास्थी वाकतात, असे सुश्रुतांनी म्हटले आहे. बालकांत वाढीची कूर्चा स्नायुबंधापेक्षा दुबळी असल्याने ती विलग होण्याचा संभव ध्यानी ठेवावा लागतो. अलीकडच्या एमआरआय अभ्यासांत मात्र, क्ष-किरण चित्र निर्दोष असूनही बाहेरील घोटा दुखणाऱ्या बहुतेक मुलांत स्नायुबंधाचीच इजा आढळली आहे. त्यामुळे निर्दोष चित्रानंतर सरसकट प्लास्टर घालण्याचे कारण उरत नाही. चित्र निर्दोष असूनही आठवड्याभरात पाय टेकवता येत नसेल तर अस्थिविशारदाकडे पाठवावे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत गरम तेलाने चोळणे व शेकणे ही आपल्या समाजातील जुनी खोड आहे. क्वचित वैद्यही ती करतात. सुश्रुतांनी भग्नचिकित्सेत न्यग्रोधादी कषायाचा सुशीत परिषेक सांगितला आहे. आलेपासाठी मंजिष्ठा, यष्टीमधु व रक्तचंदन हे शतधौतघृत व साळीच्या पिठासह योजावे. सुखोष्ण तैल येते ते वेदनेची अवस्था पाहून, जाणत्याने. बंध सैल बांधल्यास संधी स्थिर होत नाही, अति घट्ट बांधल्यास शोथ व वेदना वाढतात. तो शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बदलावा, हा क्रम आजही तंतोतंत पाळण्यासारखा आहे. आभ्यंतर लाक्षादी गुग्गुळ वा आभा गुग्गुळ वय व अग्नी पाहून द्यावा. येथपर्यंत आपणा सर्वांना परिचितच आहे.

एक महिन्याचा अवधी

खरा पेच येथून पुढे उभा राहतो. चौथ्या-पाचव्या दिवशी सूज उतरते, वेदना शमते आणि पुढल्या आठवड्यात स्पर्धा असते. पालक व प्रशिक्षक दोघेही वैद्याच्या तोंडाकडे पाहतात. सुश्रुतांचे वचन येथे नि:संदिग्ध आहे : प्रथम वयात संधी एका मासाने स्थिर होतो, मध्यम वयात दुप्पट व उत्तर वयात तिप्पट काळाने. बालकाचा घोटा लवकर बरा होतो हे खरे. पण लवकर म्हणजे महिना.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये २३ जुलै रोजी अमेरिकेची अठरा वर्षांची केरी स्ट्रग पहिल्या व्हॉल्टनंतर उतरताना पडली व तिचा डावा घोटा दुखावला. त्याच पायाने धावत जाऊन तिने दुसरा व्हॉल्ट घेतला, क्षणभर दोन्ही पायांवर उतरून मग एका पायावर तोल सावरला, ९.७१२ गुण मिळवले आणि ती खाली कोसळली. तिला उचलून नेणाऱ्या प्रशिक्षकाचे छायाचित्र जगभर गाजले. स्नायुबंधाची ती तीव्र इजा होती. वैयक्तिक अंतिम स्पर्धांत तिला उतरता आले नाही. पुढे गुणांची बेरीज झाल्यावर दिसून आले की तो दुसरा व्हॉल्ट तिने घेतला नसता तरी सांघिक सुवर्णपदक अमेरिकेलाच मिळाले असते. ही कथा शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. दहा वर्षांच्या मुलीसमोर ती तशी सांगणाऱ्यांना शेवटचा तपशीलही आवर्जून सांगावा.

महिना थांबणे म्हणजे महिनाभर पाय उशीवर ठेवून बसणे, असेही नव्हे. भग्नरोग्यास व्यायाम वर्ज्य सांगणाऱ्या त्याच अध्यायात सुश्रुतांनी हाताच्या संधीसाठी एक क्रम दिला आहे, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. प्रथम मातीचा गोळा धरावयास द्यावा, त्यानंतर मिठाचा खडा, आणि हातात बल आल्यावर पाषाण. उत्तरोत्तर वाढत्या भाराने बल परत आणण्याचा हा विधी आहे. हाताच्या तळव्यासाठी सांगितलेला हा क्रम युक्तीने गुल्फास लावता येतो, असे माझे मत आहे. बलाच्या त्रिविध भेदांत आहार व चेष्टा यांनी येणारे ते युक्तिकृत बल, आणि येथे तेच मिळवावयाचे असते.

माझ्या मते क्रम असा असावा. वेदना सोसवू लागताच बसून पाऊल चारही दिशांना सावकाश हलवणे. पाय टेकवता आल्यावर भिंतीचा आधार घेऊन दोन्ही टाचा उचलणे व, हे अधिक महत्त्वाचे, त्या हळूहळू खाली आणणे. पुढे हेच एका पायावर. रबरी पट्टी पावलाभोवती अडकवून पाऊल बाहेर वळवणे व चवडा वर ओढणे. या दोन क्रिया प्रशिक्षणात राहून जातात, म्हणून त्यांना अधिक वेळ द्यावा. केवळ टाचांवर चालणे मुलांना गमतीचे वाटते आणि जंघेच्या पुढील पेशींना त्याने चांगले काम पडते. एका पायावर उभे राहणे प्रथम डोळे उघडे ठेवून, मग मिटून, त्यानंतर घडी घातलेल्या सतरंजीवर. शेवटी एका पायावर लंगडी आणि बुटक्या चौरंगावरून उतरणे. लंगडी हा आपला खेळ घोट्याच्या परीक्षेसाठी फार उत्तम आहे. दुखावलेल्या पायावर मूल किती वेळ, किती सरळ रेषेत लंगडते, याची निरोगी पायाशी तुलना करावी. टाचा उचलण्याची संख्या, भिंतीकडे गुडघा नेताना चवडा वर येण्याचे प्रमाण आणि लंगडी या तिन्हींत दोन्ही पाय जवळजवळ समान होईपर्यंत कोलांट्यांना अनुमती देऊ नये.

अशा सरावाचा लाभ मोजूनही पाहिला गेला आहे. नेदरलँड्समध्ये घोटा लचकलेल्या ५२२ खेळाडूंच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारानंतर आठ आठवडे घरच्या घरी तोलाचा सराव करणाऱ्यांपैकी २२ टक्के जणांचा घोटा वर्षभरात पुन्हा लचकला. सराव न करणाऱ्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. पूर्वी लचकलेला घोटा पुन्हा लचकण्याचा संभव सर्वाधिक असतो, हे ध्यानात घेता हा फरक लहान नाही. त्यासाठी लागणारे साधन एक सतरंजी.

पावलाच्या रचनेवरून बालकाला खेळासाठी अयोग्य ठरवण्याची घाईही होऊ नये. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचे तळपाय लहानपणी सपाट होते. उसळी घेण्यास आणि उतरण्यास हा मोठाच अडथळा. तिच्या प्रशिक्षकांनी चिकाटीने पावलाचे व्यायाम करून घेतले, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुणांसह ती चौथी आली, कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. २०२४ मध्ये तिने आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचे सुवर्णपदक मिळवले आणि त्याच वर्षी निवृत्ती घेतली.

आहाराविषयी थोडक्यात. या खेळात मुलींनी कृश राहावे असा दबाव असतो. अल्पाहार व अतिव्यायाम यांच्या योगाने रज:प्रवृत्ती लांबते आणि अस्थिधातू क्षीण होतो. अशा मुलीच्या गुल्फावर कितीही लेप घातले तरी उपयोग व्हावयाचा नाही. दूध, तूप, खारीक, नाचणी, उडीद यांची योजना अग्नी पाहून करावी, आणि पाळीची चौकशी आईच्या उपस्थितीत अवश्य करावी.

राज्य वा राष्ट्रीय स्तरावर खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत आपल्या औषधयोजनेसंबंधी एक दक्षता अनिवार्य आहे. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे द्रव्य जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या सूचीत स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी यांत कुचला असतो, आणि वातव्याधीत व वेदनेत हे कल्प आपण सहजपणे लिहून देतो. सोमलतेतील एफेड्रिनलाही मर्यादा घातलेली आहे. खेळाडूच्या मूत्रात असे द्रव्य सापडले तर ते औषध म्हणून घेतले होते, एवढ्यावर त्याची सुटका होत नाही. म्हणून प्रत्येक कल्पाचे घटक वाचावेत, कुचलायुक्त कल्प खेळाडूस देऊच नयेत, अज्ञात घटकांची चूर्णे व तेले टाळावीत. दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, निर्माता व बॅच क्रमांक यांची लेखी चिठ्ठी पालकांजवळ द्यावी आणि तिची एक प्रत आपल्या रुग्णपत्रिकेस जोडून ठेवावी.